न तुंबणारी पन्हळ निवडताना

तुंबलेल्या पन्हळीला शिडी लावून वर पाहिले, तर पाणी संपूर्ण लांबीभर साचलेले दिसते. पण अडथळा मात्र जेमतेम वीतभर जागेत असतो. पन्हळीतले पाणी ज्या भोकातून उभ्या पाइपात उतरते, त्या भोकाच्या तोंडाशी तो बसलेला असतो. तिथला गोळा न मोडता हाताने उचलून पाहावा. सर्वांत खाली आडवी अडकलेली एखादी काडी किंवा पानाचा लांब, चिवट देठ असतो. त्यावर दोन-चार मोठी पाने एकमेकांना चिकटून बसलेली असतात. त्या पानांवर पाकळ्या, बिया, छपरावरून निसटलेली बारीक वाळू आणि शेवाळाचे तुकडे जमलेले असतात, आणि या सगळ्यांवर धुळीचा मऊ, काळसर लेप असा बसलेला असतो की त्यातून थेंबही झिरपू नये.

हे थर ज्या क्रमाने बसतात तो क्रम पन्हळ निवडताना फार उपयोगी पडतो, कारण त्यावरून मूळ कारण कोणते आणि मागाहून आलेले कोणते हे कळते. धूळ आणि वाळू वाहत्या पाण्याबरोबर बऱ्याच अंशी निघून जाते. वाट मोकळी असेल तर पानेही निघून जातात. अडते ती काडी, आणि ती अडते कारण भोक तिच्या लांबीपेक्षा अरुंद असते. एकदा ती आडवी झाली की बाकीचे सगळे तिच्या आधाराने थांबते. घरासाठी पन्हळ घ्यायला निघालेल्या माणसाला मात्र दुकानात आणि जाहिरातींत सर्वप्रथम जाळी दाखवली जाते, आणि ती बसवली की प्रश्न कायमचा मिटला असे सांगितले जाते. या विषयात मी बराच काळ मन घालून पाहत आलो आहे, आणि माझे ठाम मत असे झाले आहे की निवडीची सुरुवात तोंडापासून आणि उभ्या पाइपापासून व्हावी, त्यानंतर उतार आणि आकार ठरवावा, आणि जाळीचा विचार सर्वांत शेवटी करावा.

त्याही आधी दोन गोष्टी नीट पाहून घ्याव्या लागतात: छपरावर पाणी किती पडते, आणि पाण्याबरोबर आणखी काय पडते.

पाण्याचा हिशोब सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर 1 मिलिमीटर पाऊस पडला की 1 लिटर पाणी होते. समजा, छपराचा एक पाखा 10 मीटर लांब आहे आणि वळचणीपासून आढ्यापर्यंतचे त्याचे आडवे अंतर 6 मीटर आहे. म्हणजे जमिनीवर त्याची सावली 60 चौरस मीटर पडते. तासाला 100 मिलिमीटर या वेगाने सर कोसळली तर या एका पाख्यावरून तासाला 6000 लिटर, म्हणजे दर मिनिटाला 100 लिटर पाणी पन्हळीत येते. छप्पर जितके उभे, तितका वाऱ्याने तिरका झालेला पाऊस त्यावर अधिक बसतो, म्हणून पाख्याच्या उभ्या उंचीच्या निम्मे अंतर आडव्या रुंदीत मिळवून हिशोब करण्याची एक प्रचलित रीत आहे. वरच्या उदाहरणात उंची 3 मीटर असेल तर 6 ऐवजी साडेसात मीटर धरावे, आणि मग तोच आकडा मिनिटाला 125 लिटरवर जातो. येथे दिवसभराचा एकूण पाऊस उपयोगाचा नाही. दिवसभर रिमझिम पडून जमलेले पाणी कोणतीही पन्हळ वाहून नेते. तिची खरी परीक्षा पाच-दहा मिनिटांच्या मुसळधार सरीत होते. म्हणून आपल्या भागातल्या अशा छोट्या, जोरदार सरींचा वेग विचारून घ्यावा आणि त्यावर आकार ठरवावा.

याचा तुंबण्याशी संबंध असा की, आकाराने जेमतेम पुरणारी पन्हळ थोडा गाळ बसताच अपुरी पडते, आणि जिच्यात ऐसपैस जागा आहे ती तेवढा गाळ पोटात घेऊनही पाणी वाहून नेते. दोन आकारांत मन अडकले तर मोठा घ्यावा, असे मी प्रत्येकाला सांगतो.

दुसरी गोष्ट म्हणजे छपरावर पडणारा पालापाचोळा, आणि याकडे लोक फारच कमी पाहतात. ‘झाडाची पाने पडतात’ एवढे म्हणून भागत नाही. पिंपळ किंवा वडाचे रुंद पान पन्हळीवर झाकणासारखे बसते, पण साध्या भोकांच्या पत्र्यानेही ते अडवता येते आणि वाळल्यावर वाऱ्याने उडून जाते. चिंच आणि गुलमोहर यांची पानगळ अगदी वेगळी: त्यांच्या इवल्या पर्णिका जाळीच्या बऱ्याच भोकांतून आरपार जातात आणि आत लगद्यासारख्या बसतात. सुरूच्या सुईसारख्या बारीक डहाळ्या आणि सूचिपर्णी झाडांच्या सुया भोकांत टोकाने उभ्या शिरतात आणि त्यांच्यावर पुढच्या सुया आडव्या अडकतात, त्यामुळे जाळीवर गादीच तयार होते. फुलोऱ्याच्या दिवसांत पडणारा परागांचा पिवळा थर ओला झाला की पिठाच्या खळीसारखा चिकटतो. डांबरी शिंगलच्या, म्हणजे वर बारीक खडी चिकटवलेल्या डांबरी चपट्या तुकड्यांच्या, छपरावरून खडीचे बारीक कण वर्षानुवर्षे सुटत राहतात, आणि जुन्या कौलांवरून शेवाळाच्या गाठी निसटतात. झाड नसलेल्या घरीही पन्हळ गाळाने भरू शकते ती यामुळेच. म्हणून पानगळीच्या मोसमात आणि फुलोऱ्याच्या मोसमात असे दोनदा आपल्या वळचणीखाली झाडून जे निघते ते एका कागदावर पसरून पाहावे. कोणती पन्हळ घ्यावी हे कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा तो कागद अधिक नेमके सांगतो.

आता तोंड आणि उभा पाइप. भोकाचा व्यास दुप्पट केला तर त्याचे क्षेत्रफळ चौपट होते. 75 मिलिमीटरऐवजी 110 मिलिमीटरचा पाइप घेतला तरी वाट दुपटीहून मोठी होते. पण माझ्या दृष्टीने क्षेत्रफळापेक्षाही महत्त्वाची गोष्ट अशी की रुंद भोकात आडवी अडकायला काडीही तेवढीच लांब लागते, आणि लांब काड्या छपरावर कमी येतात. म्हणून पाण्याच्या हिशोबाने 75 मिलिमीटरचा पाइप पुरत असला, तरी घराजवळ झाडे असतील तर मोठाच घ्यावा. पन्हळ बदलायची नसेल आणि थोडक्यातच सुधारणा करायची असेल, तर हीच एक सुधारणा करावी: जुने तोंड कापून रुंद, नरसाळ्यासारखे वरून पसरट आणि खाली निमुळते होत जाणारे आउटलेट बसवावे, आणि खालचा पाइपही त्याच मापाचा करावा. खाली जाताना पाइप कुठेही अरुंद होता कामा नये.

आउटलेट कसे बसवले आहे हेही बोट फिरवून पाहावे. पुष्कळदा ते वरून भोकात घालून रिव्हेट मारतात आणि कडेने सीलंट लावतात, तेव्हा त्याची कड पन्हळीच्या तळापेक्षा किंचित उंच राहते. ती कड पाहताना क्षुल्लक वाटते, पण पाणी ओसरताना शेवटचा पातळ थर तिच्यामागे थांबतो, त्यातली धूळ तिथे बसते, वाळते, पुढच्या सरीत तिच्यावर आणखी बसते, आणि काही महिन्यांत तोंडाभोवती गाळाचा बांध तयार होतो. आउटलेटची कड तळाच्या खाली दबलेली असावी किंवा ते खालच्या बाजूने जोडलेले असावे, म्हणजे पाणी शेवटच्या थेंबापर्यंत ओघळून जाते.

तोंडाखालोखाल तुंबण्याची जागा म्हणजे पहिला बेंड. वळचण भिंतीपासून पुढे आलेली असते, त्यामुळे पाइपाला आधी मागे भिंतीकडे आणि मग खाली वळवावे लागते. हे वळण काटकोनी एल्बो वापरून केले तर वरून आलेली काडी सरळ समोरच्या भिंतीवर आदळते आणि तिथेच तिरकी बसते. दोन सौम्य, 45 अंशांचे बेंड आणि त्यांच्यामध्ये तिरका सरळ तुकडा असे केले, तर तीच काडी घसरत निघून जाते. पाइपाचे तुकडे जोडताना वरच्या तुकड्याचे टोक खालच्या तुकड्याच्या आत गेलेले असावे, म्हणजे आतल्या बाजूला पाण्याच्या वाटेत कड येत नाही. पाइपाच्या आत डोकावणारे लांब स्क्रू हाही एक लपलेला दोष आहे, कारण अशा एका स्क्रूवर पानांचा झुबका वर्षभर लटकून राहू शकतो. तळापासून हात पोहोचेल एवढ्या उंचीवर पाइपाला उघडता येणारे झाकण किंवा पाने वेगळी काढणारी तिरकी जाळीची पेटी असेल, तर शिडी न लावताच निम्मे काम होते.

पाणी जमिनीखालच्या नळातून दूर नेले जात असेल, तर ही पेटी मी अत्यावश्यक समजतो. वर तुंबलेली पन्हळ दिसते तरी. जमिनीखाली तुंबलेला नळ भिंतीच्या पायाशी ओल आल्यावरच कळतो, आणि तो मोकळा करायला अंगण खोदावे लागते. पाणी उघड्यावरच सोडायचे असेल तर ते पायापासून निदान दीड-दोन मीटर दूर पडेल अशी सोय हवी. तोंडात बसवायचे तारेचे गोल पिंजरे सगळीकडे मिळतात, पण त्यांचे काम इतकेच की अडथळा पाइपात होण्याऐवजी वर होतो. शिडीने सहज पोहोचता येत असेल आणि कोणी नियमाने साफ करणार असेल तर ते ठीक आहेत; एरवी आधी सांगितलेल्या त्या काडीची जागा हा पिंजराच घेतो.

उताराबाबत घरमालक आणि कारागीर यांच्यात नेहमी ओढाताण होते. घरमालकाला पन्हळ छपराच्या रेषेत सरळ दिसायला हवी असते, आणि पाण्याला उतार हवा असतो. दर 3 मीटरला सुमारे 6 मिलिमीटर हा उतार सर्वसाधारणपणे किमान मानला जातो. झाडांखालच्या घराला मी याच्या दीडपट ते दुप्पट उतार द्यावा असे म्हणेन. 12 मीटर लांबीवर दुप्पट उतार दिला तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जवळजवळ 5 सेंटिमीटरचा फरक पडतो आणि तो खालून डोळ्याला खटकू शकतो. अशा वेळी उतार कमी न करता मध्यावर उंची ठेवून दोन्ही टोकांना उतार आणि दोन्ही टोकांना पाइप द्यावा. त्याने फरक निम्मा होतो आणि पाण्याला दोन वाटा मिळतात. एका पाइपावर साधारण 9 ते 12 मीटरपेक्षा जास्त लांबीचा भार टाकू नये.

दिलेला उतार टिकवणे हे पन्हळ धरून ठेवणाऱ्या ब्रॅकेटचे काम आहे, आणि खर्च वाचवण्यासाठी पहिला हात बहुधा त्यांवरच पडतो. 150 मिलिमीटर व्यासाची अर्धगोल पन्हळ काठोकाठ भरली तर दर मीटरला जवळपास 9 लिटर पाणी मावते, म्हणजे 10 मीटर लांबीवर 90 किलोच्या आसपास वजन लटकते. त्यात ओला गाळ वेगळाच. ब्रॅकेट दूर दूर असतील तर मधला भाग किंचित खाली झुकतो. झुकलेल्या भागात पाणी थांबते, थांबलेल्या पाण्यात गाळ बसतो, गाळाच्या वजनाने तो भाग आणखी झुकतो, आणि हे चक्र स्वतःहून कधी थांबत नाही. दोन ब्रॅकेटमध्ये 60 सेंटिमीटरहून अधिक अंतर नसावे, बर्फ पडत असेल तिथे त्याहूनही कमी असावे. जुन्या पद्धतीत पन्हळीच्या पोटातून आरपार जाणारा लांब खिळा ठोकतात, तो टाळावा, कारण पाण्याच्या वाटेत आडवा आलेला प्रत्येक खिळा म्हणजे पाने अडकवण्याची एक जागा आहे. बाहेरून धरणारे ब्रॅकेट पोट मोकळे ठेवतात. वरून जाळी बसवायची असेल तर मात्र काठाजवळ, पाण्याच्या पातळीच्या वर लपणारे ब्रॅकेटही चालतात.

आकाराबद्दल माझा कल स्पष्टपणे अर्धगोल पन्हळीकडे आहे. पुढून नक्षीदार वळण असलेली सपाट तळाची पन्हळ, जिला के-स्टाइल म्हणतात, तिच्यात तेवढ्याच रुंदीत जास्त पाणी मावते हे खरे आहे. पण थोडे पाणी वाहत असताना तिच्या रुंद, सपाट तळावर ते पातळ पसरते, त्याचा वेग मंदावतो आणि धूळ कोपऱ्यांत बसून राहते. अर्धगोल पन्हळीत तेच थोडे पाणी मधोमध एका धारेत गोळा होते, त्याला खोली मिळते आणि ते गाळ पुढे ढकलते. ती लवकर वाळते आणि हाताने पुसून काढायला सोपी असते, कारण तिला कोपराच नाही. कमी मावण्याचा तोटा एक माप मोठी घेऊन भरून काढता येतो. सांध्यांचा विचारही येथेच करावा: आतल्या बाजूने कड असलेला प्रत्येक सांधा गाळाला थांबा देतो, म्हणून जागेवरच यंत्राने अखंड लांबीत काढून मिळणारी ॲल्युमिनियमची पन्हळ या कामी उत्तम. सांधा टाळताच येत नसेल तर वरच्या बाजूचा तुकडा खालच्या तुकड्यावर आत चढलेला असावा, म्हणजे पाणी कडेवरून उतरते, कडेला आदळत नाही.

धातू की प्लास्टिक हा प्रश्न तुंबण्याच्या दृष्टीने दुय्यम आहे, फक्त प्रसरणाकडे लक्ष असावे. 12 मीटर लांबीची ॲल्युमिनियमची पन्हळ तापमान 40 अंशांनी वाढले की साधारण 11 ते 12 मिलिमीटर लांबते. पीव्हीसी त्याच्या दुप्पट किंवा त्याहूनही अधिक लांबते. या वाढीला जागा ठेवली नसेल तर पन्हळ मध्येच वाकते आणि उतार बिघडतो. तांब्याची पन्हळ सुंदर दिसते आणि पिढ्यान्पिढ्या टिकते, पण तिच्यावरून आलेले पाणी ॲल्युमिनियमवर किंवा जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर पडू देऊ नये, कारण त्याने ते धातू गंजून झिजतात.

इतके सगळे ठरल्यावर जाळी. जाळीचे किंवा पन्हळीवर कचरा अडवायला बसवलेल्या कोणत्याही आवरणाचे, म्हणजे गार्डचे, खरे काम काय हे आधी स्पष्ट असावे: ती कचरा नाहीसा करत नाही, कचरा थांबण्याची जागा बदलते. जो कचरा आत ओला राहून कुजला असता, तो वर थांबतो. वर तो वाळला आणि वाऱ्याने उडाला तर गार्ड यशस्वी, वरही तो ओलाच राहिला तर अडथळा फक्त एक मजला वर गेला. म्हणून गार्डचा पृष्ठभाग पुढच्या बाजूला उतरता, शक्यतो छपराच्याच उताराच्या ओघात असावा. सपाट बसवलेली उत्तम जाळी ही तिरक्या बसवलेल्या साध्या जाळीपेक्षा वाईट ठरते.

सर्वांत साधा प्रकार म्हणजे काही मिलिमीटर मापाची भोके पाडलेला पत्रा किंवा जाड जाळी. मोठ्या पानांची झाडे असतील तर तो पुरेसा आहे, पाणी मुक्तपणे आत घेतो, स्वस्त असतो आणि उचलून साफ करता येतो. बारीक पर्णिका आणि सुया मात्र त्याला हरवतात. त्यापुढचा प्रकार म्हणजे स्टेनलेस स्टीलच्या तारेची अतिसूक्ष्म जाळी, जिची छिद्रे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून लहान असतात. बिया, सुया, खडीचे कण असे जवळजवळ सगळे ती बाहेर ठेवते, आणि मिश्र कचऱ्याच्या घरांसाठी मला हाच प्रकार सर्वांत भरवशाचा वाटतो. तिचा एक दोष मात्र समजून घेतला पाहिजे. जाळीवर परागांचा, धुळीचा किंवा डांबरी छपरावरून आलेल्या तेलकट अंशाचा लेप बसला की पाणी छिद्रातून खाली न उतरता छिद्रावर पडदा धरते. जवळून पाहिले तर प्रत्येक छिद्रात पाण्याची एक चकती काचेसारखी ताणून बसलेली दिसते, आणि वरून येणारे पाणी त्या चकत्यांवरून घसरत पुढच्या काठावरून खाली पडते. आत पन्हळ कोरडी आणि अंगणात पागोळ्यांची भिंत, असे दृश्य त्यातून निर्माण होते. जाळीला लाटा किंवा आडवे उंचवटे दिलेले असतील तर वाहत्या पाण्याचा थर त्यांवर फुटतो आणि पाणी आत ओढले जाते, म्हणून सपाट जाळीपेक्षा अशी जाळी घ्यावी, आणि वर्षातून एकदा लांब दांड्याच्या मऊ ब्रशने ती घासावी.

तिसरा प्रकार म्हणजे पुढून गोल वळवलेले बंद झाकण. पाणी वक्र पृष्ठभागाला चिकटून वळते आणि काठाखालच्या फटीतून आत जाते, तर पाने सरळ पुढे फेकली जातात, ही त्यामागची कल्पना. वाहता प्रवाह वक्र पृष्ठभागाला बिलगून राहण्याचा हा गुणधर्म रोमानियन अभियंता आंरी कोआंडा (1886–1972) यांच्या नावाने ओळखला जातो, आणि किटलीच्या तोटीवरून चहा मागे ओघळतो तेव्हा आपण तसाच काहीसा प्रकार पाहत असतो. मध्यम पावसात हे झाकण छान चालते. उभ्या छपरावरून वेगाने आलेल्या पाण्याला मात्र वळायला अवधी मिळत नाही आणि ते काठावरून उडी घेते. शिवाय ओले, छोटे पान पाण्याबरोबरच वळून आत जाते, आणि आत गेलेले काढायला पूर्ण झाकण उचकटावे लागते. ते साफ ठेवण्यासाठी काढता येत नसेल तर मी ते घेणार नाही.

पन्हळीत भरायचा सच्छिद्र फोम आणि बाटली धुण्याच्या ब्रशासारखा गोल ब्रश हे दोन्ही प्रकार बसवायला अतिशय सोपे आहेत आणि म्हणूनच खपतात, पण लांब पल्ल्यासाठी मी ते सुचवत नाही. फोमच्या वरच्या थरात धूळ आणि बी अडकते, ओल टिकते आणि तिथे रोपे उगवतात. उन्हाने फोमही ठिसूळ होऊन त्याचा भुगा पडतो. ब्रशाच्या केसांत पाने आणि सुया गुंततात आणि एक एक ओढून काढाव्या लागतात.

कोणताही गार्ड घेण्याआधी त्याचा हातभर नमुना मागून घ्यावा. तो छपराच्या उताराइतका तिरका धरून वरून तांब्याने पाणी ओतावे. मग त्यावर ओल्या मातीचा पातळ हात फिरवून, वाळू देऊन, पुन्हा पाणी ओतावे. नव्या जाळीवरून सगळ्यांचेच पाणी आत जाते. फरक दिसतो तो दुसऱ्या वेळी. शक्य असेल तर तोच नमुना काही आठवडे झाडाखाली ठेवून द्यावा. दोन पाखे जिथे आतल्या कोनात मिळतात त्या जागेचा वेगळा विचार करावा, कारण दोन्ही पाख्यांचे पाणी तिथे एकाच धारेत येते आणि कोणत्याही गार्डवरून उडी मारू शकते. तिथे पन्हळीच्या पुढच्या काठावर उभी पट्टी लावून धार अडवतात, आणि तिथून जवळच आउटलेट दिले तर आणखी चांगले. गार्डची मागची कड कौलांखाली किंवा शिंगलखाली सरकवायची असेल तर आधी छपराच्या हमीच्या अटी वाचाव्यात.

झाकलेल्या पन्हळीचा एक धोका असा की आत साचलेले पाणी दिसत नाही. उबदार हवेत डासांची अंडी ते पूर्ण वाढलेला डास हा प्रवास आठ-दहा दिवसांत होऊ शकतो, आणि डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची अंडी कोरड्या जागीही महिनोन्‌महिने टिकून पुन्हा पाणी मिळताच फुटतात. उतार चुकलेल्या पन्हळीवर जाळी बसवणे म्हणजे दोष झाकून ठेवणे होय. म्हणून आधी पन्हळ उघडी असताना तिच्यात पाणी साचत नाही याची खात्री करावी आणि मगच तिला झाकावे. जिथे वणव्यांचा धोका आहे, तिथे पन्हळीत वाळलेली पाने साचणे अधिकच घातक असते, कारण वाऱ्याबरोबर उडत आलेली ठिणगी नेमकी तिथेच पेट घेते; अशा ठिकाणी गार्ड धातूचाच असावा.

शेवटी, पन्हळ कधी तरी तुंबणारच असे धरून तिची रचना असावी. तिची पुढची कड मागच्या कडेपेक्षा बोटभर खाली असावी, म्हणजे ओसंडलेले पाणी पुढे अंगणात पडते, भिंतीकडे किंवा छपराच्या लाकडात शिरत नाही. भिंतीच्या आत लपवलेल्या पन्हळी दिसायला नीटस असतात, पण त्या तुंबल्या की पाण्याला घराखेरीज दुसरी वाट राहत नाही. त्या घ्यायच्याच असतील तर भिंतीतून बाहेर काढलेले ओव्हरफ्लोचे तोंड त्यांना हवेच. पाणी त्या तोंडातून पडू लागले की मुख्य वाट बंद झाल्याचेही लगेच कळते. गार्डचे तुकडे एका माणसाला हत्याराविना उचलता येतील अशा मापाचे असावेत. शिडी कधीही पन्हळीला टेकवू नये. ती भिंतीला टेकेल अशी बैठक लावून घ्यावी. ‘आयुष्यभर साफ करावी लागणार नाही’ असे सांगणाऱ्याकडून मी काही घेणार नाही, कारण जो साफसफाईची गरजच नाकारतो त्याने साफसफाईसाठी सोयही केलेली नसते.

काही घरांना पन्हळ नसलेलीच बरी, हेही मोकळेपणाने म्हटले पाहिजे. वळचण भरपूर रुंद आहे, घर एकमजली आहे, जमीन घरापासून दूर उतरती आहे आणि पाणी साठवायचे नाही, अशा वेळी पागोळ्या जिथे पडतात तिथे खडीने भरलेला चर काढला की काम भागते, आणि त्यात तुंबण्यासारखे फारसे काही नसते. दारांवर पाणी पडू नये म्हणून तेवढ्यापुरता पन्हळीचा तुकडा लावता येतो.

काम पूर्ण झाल्यावर कारागीर शिडी उतरवण्याआधी गार्ड काढून ठेवून एक चाचणी घ्यावी. नळी आउटलेटपासून सर्वांत दूरच्या टोकाला धरून पाणी सोडावे आणि ते न थबकता तोंडापर्यंत जाते का ते पाहावे. मग आपल्याच झाडाखालची मूठभर पाने आणि बोटाएवढ्या लांबीच्या काही काड्या पन्हळीत टाकून नळी पूर्ण सोडावी आणि खाली पाइपाच्या तोंडाशी उभे राहून टाकलेले सगळे बाहेर येते का ते मोजावे. पाणी बंद केल्यावर थोड्या वेळाने पुन्हा वर चढून तळावर कुठे डबके राहिले आहे का ते बघावे, आणि राहिले असेल तर तिथला ब्रॅकेट त्याच दिवशी उचलून घ्यावा. त्यानंतर गार्ड बसवून आढ्यावरून पुन्हा पाणी सोडावे. या दोन्ही वेळा पाणी पाइपातूनच उतरले, तर हिशोब चुकता करायला हरकत नाही.